परवानगी नेमकी कोणाला नाकारली?

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, काम करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘माझ्याकडे अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार आहेत, तरी ऑटोस्केलिंग लावताना परवानगी नाही असं कसं येतं?’ परवानगी मागणारे आपणच आहोत, असं या तक्रारीत गृहीत धरलेलं असतं. बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

ऑटोस्केलिंग म्हणजे वेबसाइटवर गर्दी वाढली की आपोआप नवे सर्व्हर सुरू करायचे आणि ती ओसरली की बंद करायचे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) ही सोय २००९ साली आली. आता विचार करा: मध्यरात्री अचानक गर्दी वाढली, नवा सर्व्हर हवा आहे, आणि तुम्ही झोपलेले आहात. ‘सर्व्हर सुरू कर’ ही आज्ञा कोण देतं? तुम्ही नक्कीच नाही. ती ऑटोस्केलिंगची सेवा देते, आणि त्यासाठी तिला स्वतःची वेगळी ओळख असते. क्लाउडच्या भाषेत या ओळखीला ‘रोल’ म्हणतात. रोल हे एक प्रकारचं मुखत्यारपत्र समजा: अमुक कामं, अमुक मर्यादेत, आमच्या वतीने करावीत. शिवाय सुरू झालेल्या सर्व्हरलाही फाइली वाचायला किंवा नोंदी लिहायला स्वतःचा रोल लागतो. म्हणजे माणूस, सेवा आणि सर्व्हर असे तीन वेगळे अर्जदार झाले. त्रुटीचा संदेश वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की यांतल्या कोणाचा अर्ज फेटाळला गेला?

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे ‘पासरोल’ नावाची परवानगी. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याला फक्त सर्व्हर सुरू करायचा अधिकार आहे. त्याने नवा सर्व्हर सुरू करताना त्याला अ‍ॅडमिनचा रोल जोडला आणि मग त्या सर्व्हरमध्ये लॉग-इन केलं, तर? तो एका मिनिटात अ‍ॅडमिन झाला, आणि तेही एकही नियम न मोडता! ही पळवाट बुजवण्यासाठी ‘हा रोल दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार तुला आहे का?’ असा वेगळा प्रश्न विचारला जातो. तोच पासरोल. ऑटोस्केलिंगचा गट तयार करताना सर्व्हरला रोल जोडलेला असेल, तर गट बनवणाऱ्याकडे हा अधिकार असावाच लागतो. आणि गंमत म्हणजे पासरोल ही स्वतंत्र आज्ञा नाही, दुसऱ्या आज्ञेच्या पोटात होणारी ती तपासणी आहे. त्यामुळे क्लाउडट्रेलच्या, म्हणजे कोणी कोणती आज्ञा दिली हे टिपून ठेवणाऱ्या सेवेच्या, नोंदींत ‘पासरोल’ या नावाची घटना शोधत बसलात तर ती कधीच सापडणार नाही. ज्या आज्ञेसोबत रोल दिला गेला, ती आज्ञा शोधावी लागते.

या विचाराचं मूळ क्लाउडपेक्षा जुनं आहे. संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका कंपायलरचा (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किस्सा लिहिला. त्या कंपायलरला स्वतःची आकडेवारी लिहिण्यासाठी एका राखीव डिरेक्टरीत लिहायची मुभा होती. एका वापरकर्त्याने आपल्या आउटपुटसाठी फाइलचं नाव दिलं ते नेमकं त्याच डिरेक्टरीतल्या बिलांच्या फाइलचं. कंपायलरने ते मुकाट्याने तिथे लिहिलं आणि बिलांची माहिती पुसली गेली. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. पण आपण कोणाच्या वतीने काम करतोय, हे कंपायलरला कळायचा मार्गच नव्हता. हार्डी यांनी याला ‘गोंधळलेला मुखत्यार’ अशा अर्थाचं नाव दिलं. पासरोल हे त्याच दुखण्यावरचं औषध आहे.

हीच फसगत डिस्कच्या एन्क्रिप्शनमध्ये जास्त छुपी होते. डिस्क तुमच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असेल, तर त्या किल्लीची स्वतःची पॉलिसी, म्हणजे कोणाला काय करता येईल याची लेखी नियमावली, असते, आणि ऑटोस्केलिंगच्या रोलचं नाव तिथे आपोआप येत नाही. ती डिस्क सर्व्हरला जोडायची तर त्या रोलला किल्ली वापरण्याची आणि ‘क्रिएटग्रँट’ची (किल्ली वापरायची मुभा दुसऱ्या सेवेला देण्याची) परवानगी लागते. ती नसेल तर सर्व्हर सुरू होतो, लगेच मरतो, गट पुन्हा नवा सुरू करतो, तोही मरतो. संदेशात परवानगीचा उल्लेखसुद्धा नसतो, फक्त सुरू होताना त्रुटी आली एवढंच येतं. तुम्ही हाताने तोच सर्व्हर सुरू केला तर तो व्यवस्थित चालतो, कारण त्या वेळी अर्जदार तुम्ही असता.

निर्णयाचा नियम थोडक्यात असा: मुळात सगळ्याला नकार, कुठेतरी होकार लिहिलेला असेल तर परवानगी, पण स्पष्ट नकार एका जागी जरी लिहिलेला असला, तरी तो सगळ्या होकारांवर मात करतो. संस्थेच्या पातळीवर लावलेला असा नकार सदस्य खात्यातल्या अ‍ॅडमिनलाही बांधून ठेवतो.

यावर लोक जे तोडगे करतात, ते पाहून वाईट वाटतं. पहिला तोडगा म्हणजे पॉलिसीत तारांकन (*, म्हणजे ‘सगळं’) टाकून सगळंच मोकळं करणं. त्रुटी जाते, पण त्या रोलची ओळख चोरणाऱ्यालाही सगळं मोकळं होतं. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या १० कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, ती एका सर्व्हरच्या रोलचाच आधार घेऊन. दुसरा तोडगा म्हणजे रोल पुसून त्याच नावाने पुन्हा बनवणं. कधीकधी याने खरंच काम होतं, आणि मग हा मंत्र तोंडोतोंडी पसरतो. प्रत्यक्षात क्लाउडमधला बदल सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो. मधल्या काळात तो वेळ निघून गेलेला असतो, एवढंच. उलट यात एक धोका आहे. दुसऱ्या पॉलिसीत त्या रोलचं नाव घातलं की आत साठवला जातो त्याचा एकमेव ओळखक्रमांक. नवा रोल त्याच नावाचा असला तरी क्रमांक वेगळा, म्हणून जुनी परवानगी त्याला लागू होत नाही. पॉलिसीत नावाच्या जागी अक्षरं-आकड्यांची अगम्य ओळ दिसू लागली, तर हेच झालं आहे असं समजा.

गूगलच्या क्लाउडवर पासरोलच्या जागी ‘अ‍ॅक्टअ‍ॅज’ आहे, आणि तिथे सर्व्हर वाढवणारं खातं गूगलच्या सेवेचं असतं. एडब्ल्यूएसवर असाल तर आधी गटाचा अ‍ॅक्टिव्हिटी इतिहास उघडा, मग त्याच वेळेची क्लाउडट्रेलमधली नोंद काढा, आणि तिच्यात आज्ञेच्या नावाआधी ‘युजर आयडेंटिटी’चा, म्हणजे आज्ञा कोणी दिली याचा, रकाना वाचा.