राधानाथ राय

राधानाथ राय : (२८ सप्टेंबर १८४८ – १७ एप्रिल १९०८). आधुनिक ओडिया कवितेचे प्रवर्तक आणि ब्रिटिश अमदानीतील शिक्षण खात्याचे अधिकारी. जन्म बालेश्वर जिल्ह्यातील केदारपूर येथे, मूळच्या बंगाली कुटुंबात. आरंभीच्या कविताही बंगालीतल्या. शिक्षक म्हणून नोकरीला लागले आणि पुढे शाळांचे इन्स्पेक्टर झाले.

त्यांची नोकरी आणि कविता वेगवेगळी वाचता येत नाही. नागपूरकर भोसल्यांचा ओडिशा १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. कटक, पुरी, बालेश्वर हे जिल्हे बंगालला जोडलेले राहिले. कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली शिकलेल्यांचा भरणा होता. १८७० मध्ये बालेश्वरच्या कांतिचंद्र भट्टाचार्य या शिक्षकाने ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असे पुस्तक लिहिले. ओडियात पाठ्यपुस्तके नाहीत, मग शाळेत बंगालीच का नको, हा त्या पक्षाचा व्यवहारी मुद्दा होता आणि तोच खरा धोक्याचा होता. नुसत्या अभिमानाने त्याला उत्तर मिळणार नव्हते. क्रमिक पुस्तके तयार असावी लागणार होती. ओडिया लेखक फकीरमोहन सेनापतींनी भारताचा इतिहास लिहिला. राधानाथांनी स्वतः पुस्तके लिहिली आणि खात्यातले वजन ओडियाच्या बाजूने वापरले. १८७६ मध्ये मधुसूदन राव यांच्याबरोबर त्यांनी ‘कवितावली’ काढली. मधुसूदन हे ओडिशात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. तेही शिक्षण खात्यातच होते आणि ओडिया मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या ‘वर्णबोध’वर अक्षरे गिरवत आल्या आहेत.

शाळा तपासायच्या म्हणजे फिरती आलीच. कवितेतली डोंगर, नद्या, देवळे यांची नावे इतकी नेमकी आहेत, त्यामागे हे हिंडणे आहे. राधानाथांची रीत अशी : कथानक युरोपातून घ्यायचे आणि ओडिशाच्या एखाद्या ओळखीच्या जागी रुजवायचे. ‘केदार-गौरी’ (१८८६) मध्ये पिरॅमस आणि थिस्बी या रोमन काव्यातील दुर्दैवी प्रेमिकांची कथा भुवनेश्वरच्या केदार-गौरी मंदिरापाशी येते. ‘चंद्रभागा’मध्ये ग्रीक देव अपोलो आणि त्याच्यापासून पळणारी डॅफ्नी कोणार्कच्या किनाऱ्यावर येतात, अपोलोच्या जागी सूर्य असल्याने कथा तिथे सहज बसते. ‘उषा’ (१८८८) ग्रीक पुराणातील वेगवान धावणाऱ्या ॲटलांटाच्या शर्यतीवर बेतलेली आहे. ‘नंदिकेश्वरी’त शत्रूवर प्रेम करणारी राजकन्या बापाचे राज्य घालवते, इथे मात्र जुन्या वळणाच्या वाचकाला ठेच लागली. शोकान्त शेवट आणि आप्तांचा घात यांची काव्यात सवय नव्हती.

जुन्या आणि नव्या कवितेच्या या वादाला १८९३ च्या सुमारास तोंड फुटले. ‘इंद्रधनु’ हे पत्र जुन्या अलंकारप्रधान परंपरेतील कवी उपेंद्र भंज यांच्या बाजूने उभे राहिले, तर ‘बिजुळी’ राधानाथांच्या. भंजांच्या ‘वैदेहीश विलास’मधील प्रत्येक ओळ ‘ब’ या अक्षराने सुरू होते. श्लेष आणि यमकांचे ते अजोड कौशल्य होते. राधानाथांची बाजू साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या वर्णनाची.

‘चिलिका’ (१८९१) हे त्यांचे सर्वांत लाडके काव्य. चिलिका सरोवरावरच्या या काव्याच्या आरंभीच्या ओळी मराठी वाचकालाही जवळजवळ कळतात :

उत्कळ-कमळा-विळास-दीर्घिका,
मराळ-माळिनी नीळांबु चिलिका

उत्कलच्या लक्ष्मीची ही विलास-पुष्करिणी, हंसांची माळ ल्यालेली, निळ्या पाण्याची. प्रत्येक ओळीत तीन-तीन अक्षरांचे चार शब्द, मिळून बारा अक्षरे, आणि एकही क्रियापद नाही. वाचताना ‘उत्कळ’मधला ‘ळ’ पूर्ण उच्चारावा, कारण ओडियात शेवटचा अकार गिळत नाहीत. मराठीच्या सवयीने ‘उत्कळ्’ म्हटले की अक्षर तुटते आणि ओळ लंगडते.

पांडवांच्या अखेरच्या प्रवासावरचे ‘महायात्रा’ (१८९६) हे निर्यमक छंदातले महाकाव्य अपुरे राहिले. एवढी लांब झेप ओडियात त्यापूर्वी कोणी या छंदात घेतली नव्हती, आणि अपुरे असूनही भाषेचा भारदस्तपणा तिथे सर्वांत जास्त जाणवतो. ‘दरबार’ (१८९७) मध्ये मात्र सूर उपहासाचा आहे आणि रोख राजेरजवाड्यांवर. सरकारी नोकरीत असताना हे लिहायला छाती लागते.

त्यांचे पुत्र शशिभूषण राय हेही ओडिया गद्यलेखक म्हणून ओळखले जातात.