मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी पेशी होतच नाही? खुलासा

‘मेंदूच्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, पुढं फक्त घटत जातात.’ लातूरच्या नीटच्या क्लासपासून गावच्या पारापर्यंत हे वाक्य फिरतं. ते अर्धवट आहे. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी जोडलेला भाग) जन्मानंतरही नवे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, तयार होतात, हे जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्येच दाखवलं. माणसातला पुरावा १९९८ चा. मात्र मोठ्या माणसात त्या किती होतात, मुळात होतात का, यावर २०१८ पासून जोरदार वाद आहे.

जन्मलेली पेशी टिकेलच असं नाही. बऱ्याचशा काही आठवड्यांतच मरतात. कोण जगणार, हे बरंचसं रिसेप्टर (पेशीवरची, रासायनिक निरोप ओळखणारी प्रथिनं) ठरवतात, आणि खरी गंमत इथंच आहे. प्रौढ न्यूरॉनला गाबा हे मेंदूतलं निरोप्या रसायन शांत करतं. कोवळ्याला तेच चेतवतं. कारण एनकेसीसी१ हे प्रथिन कोवळ्या पेशीत क्लोराइडचे ऋणभारित कण भरून ठेवतं. गाबामुळं गाबा-ए रिसेप्टर उघडला की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उत्तेजित होते. पुढं केसीसी२ हे दुसरं प्रथिन वाढतं, क्लोराइड उपसलं जातं, मग गाबा ब्रेक बनतं. उंदरांच्या नव्या पेशींत एनकेसीसी१ कमी केलं तर त्यांच्या फांद्या खुरटतात, इतर पेशींशी जोडण्या उशिरा होतात.

नव्या पेशीच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात एनएमडीए रिसेप्टरची पाळी; हा ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा निरोप ओळखतो. तो काढून टाकलेल्या पेशी शेजारणींपेक्षा जास्त मरतात.

उंदीर चाकावर पळाला की नव्या पेशी वाढतात, हेही खरं. पण त्यावरून ‘मेंदूच्या पेशी वाढवणारं’ टॉनिक विकणाऱ्याला पैसे देऊ नका. उंदरानं बाटली प्यायली नव्हती.