डॉक्टर इकडे, रुग्ण तिकडे : शेजारी देशांच्या टेलिमेडिसिन कायद्यांची पार्श्वभूमी

जर्मनीतल्या एका खासगी आरोग्य विमा कंपनीने काही वर्षांपूर्वी जाहिरात केली होती. ॲपवरून डॉक्टरांशी बोला, निदान करून घ्या, उपचाराचा सल्ला घ्या आणि कामावर द्यायचा आजारपणाचा दाखलाही तिथेच मिळवा. हे डॉक्टर बसलेले होते स्वित्झर्लंडमध्ये, जिथे असा सल्ला देणं कधीच रुळून गेलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. ९ डिसेंबर २०२१ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही जाहिरात बेकायदा ठरवली. स्वित्झर्लंडमध्ये चालतं, एवढ्यावरून जर्मनीतल्या लोकांसमोर अशा उपचाराची सरसकट जाहिरात करता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. दोन्ही देश एकमेकांना लागून आहेत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना बरेच लोक जर्मन बोलतात. तरी एकीकडे जी रोजची गोष्ट, ती दुसरीकडे वादाची ठरली.

शेजारी देशांच्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दुरून दिलेल्या वैद्यकीय सल्ल्याच्या, नियमांचे तक्ते हल्ली सर्रास पाहायला मिळतात. परवानगी आहे का, पहिली भेट प्रत्यक्ष हवी का, औषध लिहून देता येतं का, आणि पुढे रकान्यांत हो किंवा नाही. असा तक्ता कामाचा असतो, पण तो फसवतोही. यातला बहुतेक प्रत्येक नियम त्या त्या देशाच्या कुठल्या तरी जुन्या धास्तीतून आलेला आहे, आणि त्या धास्तीचा बरेचदा व्हिडिओ कॉलशी काही संबंध नसतो.

जर्मनीचंच पाहू. १८६९च्या उद्योगविषयक कायद्यापासून तिथे वैद्यकीची पदवी नसलेल्यालाही उपचाराचा धंदा करायला मोकळीक होती. त्यातून टपालाने उपचार करणाऱ्यांचं पेव फुटलं. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक गुप्तरोगांचं, कारण डॉक्टरसमोर उभं राहायची लाज वाटणारा माणूस पत्र मात्र बिनदिक्कत लिहितो. १९२७च्या गुप्तरोगविरोधी कायद्याने हे रोग डॉक्टरांच्या हाती सोपवले आणि रुग्णाला स्वतः न पाहता त्यांवर उपचार करायला बंदी घातली. ‘दूरस्थ उपचार’ हा शब्द त्या कायद्यातच आला. पुढे तो डॉक्टरांच्या आचारसंहितेत मुरला आणि अशा उपचाराच्या जाहिरातीवरही बंदी आली. पत्रातून औषध विकणाऱ्या भोंदूंसाठी लावलेला सापळा नव्वद वर्षांनी व्हिडिओवर बोलणाऱ्या पदवीधर डॉक्टरला अडकवत होता.

तो सैल झाला हळूहळू. २०१६ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गच्या वैद्यक परिषदेने प्रायोगिक प्रकल्पांना वाट करून दिली. मे २०१८ मध्ये एरफुर्टला भरलेल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय अधिवेशनाने नमुना आचारसंहिता बदलली आणि अपवाद म्हणून निव्वळ दूरस्थ उपचारालाही मुभा दिली. पण नमुना संहिता म्हणजे शिफारसच. तो बदल प्रत्येक प्रांताच्या परिषदेने आपापल्या नियमांत घ्यावा लागतो. जाहिरातीचा कायदा बदलला २०१९ च्या अखेरीस, तोही अटीसह : वैद्यकीय मानकांनुसार प्रत्यक्ष भेटीची गरज नाही, अशाच उपचाराची जाहिरात चालेल. विमा कंपनीचं घोडं अडलं ते या अटीवर.

स्वित्झर्लंडमध्ये या साऱ्यातलं काहीच घडलं नाही, कारण असा इतिहासच तिथे नव्हता. तिथल्या आरोग्य विमा कायद्याने डॉक्टर निवडण्याचं स्वातंत्र्य थोडं सोडणाऱ्याला हप्त्यात सूट द्यायची सोय ठेवली होती. १९९९-२००० च्या सुमारास बाझेल आणि बर्नमधून फोनवर वैद्यकीय सल्ला देणारी केंद्रं उभी राहिली आणि विमा कंपन्यांनी नवी योजना काढली : आधी आमच्या केंद्राला फोन करायचा, मग गरज पडली तर दवाखाना, आणि हप्ता कमी. टेलिमेडिसिन तिथे काटकसरीच्या वाटेने घराघरांत शिरलं. डॉक्टरने फोनवर बोलावं की नाही, असा तात्त्विक खल करायची वेळ कोणावर आली नाही.

फ्रान्सची गोष्ट तिसरीच. तिथे कायदा आधी आला. जुलै २००९च्या आरोग्य कायद्याने टेलिमेडिसिनला मान्यता दिली, आणि ऑक्टोबर २०१० च्या आदेशाने त्याचे पाच प्रकार पाडले : रुग्णाशी सल्लामसलत, डॉक्टरने डॉक्टरचा घेतलेला सल्ला, दुरून देखरेख, दुरून साहाय्य आणि तातडीच्या सेवेत फोनवर दिलेला प्रतिसाद. इतकी नेटकी व्याख्या त्या काळात क्वचितच कोणाकडे असेल. पण देशभरासाठी पैशांची सोय नव्हती. सर्वसाधारण सल्लामसलतीचं शुल्क सरकारी आरोग्य विम्यातून मिळू लागलं १५ सप्टेंबर २०१८ पासून. मधल्या आठ वर्षांत ते पाच प्रकार बव्हंशी प्रायोगिक प्रकल्पांपुरतेच राहिले. कोणत्याही देशाचा टेलिमेडिसिनचा कायदा वाचायला घेतला की मी आता पैशांचं कलम आधी शोधतो.

पैसा आला तशी पैशांची धास्तीही आली. डॉक्टरने गेल्या १२ महिन्यांत रुग्णाला प्रत्यक्ष पाहिलेलं असावं, अशी अट फ्रान्सने शुल्कासाठी घातली, आणि कोविडच्या काळात ती ढिली केली. २०२४ पासून व्हिडिओ भेटीवर आजारपणाची रजा तीन दिवसांपुरतीच मिळते. ठरलेला घरचा डॉक्टर असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीत ओळखीच्या रुग्णाला व्हिडिओवर सात दिवसांपर्यंत दाखला मिळू शकतो आणि अनोळखी रुग्णाला तीन. आकडे मिळतेजुळते दिसले तरी दोघांच्या मनातलं निराळं आहे. जर्मनीचा प्रश्न असतो डॉक्टरने रुग्णाला नीट पाहिलं का, आणि फ्रान्सचा, रजेचं बिल कोण भरणार.

या सगळ्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा किचकट आहे. डॉक्टर एका देशात, रुग्ण दुसऱ्या देशात, मग उपचार घडला कुठे? अमेरिकेतल्या राज्यांनी साधारणपणे रुग्णाची जागा धरली. रुग्ण ज्या राज्यात बसला आहे, तिथला परवाना डॉक्टरकडे हवा. युरोपीय संघाने मार्च २०११ च्या निर्देशात नेमकं उलट ठरवलं. टेलिमेडिसिन असेल तर सेवा देणारा ज्या देशात आहे, तिथेच उपचार झाला असं मानायचं. म्हणजे डॉक्टरने आपल्या देशाचे नियम पाळले की झालं. रुग्ण कुठे बसून बोलतो आहे, याने डॉक्टरचा परवाना बदलत नाही. स्वित्झर्लंड संघात नसल्यामुळे तिथल्या डॉक्टरांना मात्र या सवलतीवर बोट ठेवता येत नाही.

मलेशियाने हा प्रश्न युरोपच्या चौदा वर्षं आधी सोडवायला घेतला होता. पंतप्रधान महातीर मोहम्मद यांच्या मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉरचे ते दिवस. क्वालालंपूरजवळ माहिती तंत्रज्ञानाचं नवं शहर उभं राहत होतं आणि त्याच्या जोडीला कायदेही तयार होत होते. १९९७ मध्ये डिजिटल सही, संगणकीय गुन्हे आणि टेलिमेडिसिन असे कायदे संमत झाले. टेलिमेडिसिनच्या कायद्यातली मुख्य धास्ती परदेशी डॉक्टरची होती. बाहेरच्या डॉक्टरला मलेशियातल्या रुग्णाला सल्ला द्यायचा तर मलेशियाच्या वैद्यक परिषदेचं प्रमाणपत्र हवं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. परवानगीशिवाय सल्ला दिला तर पाच लाख रिंगिटपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुग्णाची संमती लेखी घ्यायची. एवढा जय्यत कायदा झाला खरा, पण तो कधी अंमलातच आणला गेला नाही. तक्त्यात मलेशियासमोर ‘स्वतंत्र कायदा : हो, १९९७’ असं दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा देश सगळ्यांच्या पुढे आहे.

जोहोरच्या सामुद्रधुनीवरचा एक किलोमीटरचा बांध ओलांडला की सिंगापूर. तिथे आधी, २०१५ मध्ये, नुसती मार्गदर्शक तत्त्वं आली. एप्रिल २०१८ पासून काही कंपन्यांना सरकारी देखरेखीखाली मर्यादित रिंगणात प्रयोग करू दिले. यामागची अडचण समजून घेण्यासारखी आहे. १९८० पासूनचा तिथला कायदा परवाना द्यायचा जागेला, म्हणजे हे रुग्णालय, हा दवाखाना, हा पत्ता. ज्या डॉक्टरला पत्ताच नाही, तो या कायद्याच्या नजरेला पडणार कसा? जानेवारी २०२० मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने परवाना जागेऐवजी सेवेला जोडला, आणि जून २०२३ पासून दूरस्थ सल्लाही परवान्याच्या कक्षेत आला. त्याची धारही लवकरच दिसली. एका मिनिटाच्या आत उरकलेल्या सल्ल्यांचा ढीग सापडल्यावर २०२४ मध्ये तिथल्या एका टेलिमेडिसिन क्लिनिकचा परवाना सरकारने रद्द केला. मलेशियातल्या दंडाच्या कलमाला असा दिवस कधी पाहायला मिळाला नाही.

इंडोनेशियाबद्दल थोडक्यात. तिथल्या २०१९ च्या नियमाने एका आरोग्य संस्थेने दुसऱ्या संस्थेला दिलेला सल्ला तेवढा हाताळला. लोक तोवर थेट मोबाइलवर डॉक्टर गाठू लागले होते. ते सर्वसाधारण कायद्यात यायला २०२३ चा आरोग्य कायदा उजाडला.

दक्षिण आशियात गोष्ट परवान्यापासून सुरूच झाली नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या स्विनफेन ट्रस्टने ढाक्याजवळच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्राला परदेशी तज्ज्ञांशी जोडून दिलं. इथला डॉक्टर फोटो काढून ईमेल करायचा, तिकडचा तज्ज्ञ मत कळवायचा. भारतात इस्रोने २००१ पासून उपग्रहाने रुग्णालयं जोडली. पुढे सार्कच्या टेलिमेडिसिन जाळ्यात चंदीगड आणि लखनौच्या संस्था काबूल, थिंफू, काठमांडू इथल्या रुग्णालयांशी जोडल्या गेल्या. या सगळ्यात बोलणं डॉक्टरचं डॉक्टरशी. रुग्णाशेजारी त्याच्याच देशाचा नोंदणीकृत डॉक्टर उभा असायचा आणि शेवटची सही त्याची. त्यामुळे लखनौच्या डॉक्टरकडे भूतानची नोंदणी आहे का, हे विचारायची कोणाला गरजच भासली नाही. या भागातल्या सरकारांनी दीर्घकाळ कायदा केला नाही, यात केवळ आळस नव्हता, असं मला वाटतं. त्यांनी निवडलेला प्रकारच कायद्याशिवाय भागणारा होता.

रुग्णाशी थेट बोलायची वेळ आली तेव्हा मात्र पोकळी उघडी पडली. २०१८ मध्ये रत्नागिरीतलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. बाळंतिणीची तब्येत बिघडली, डॉक्टर रुग्णालयात नव्हते आणि फोनवरून औषधं सांगितली गेली. पुढे ती बाई दगावली. डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळताना न्यायालयाने फोनवरच्या उपचाराबद्दल कडक शब्द वापरले. मुळात तो प्रश्न रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष झाल्याचा होता. पण त्याचा अर्थ फोनवर औषध सांगितलं की गुन्हा, असा लावला गेला आणि डॉक्टरमंडळी धास्तावली. नियमच नसला की एका प्रकरणातले शब्द सगळ्यांचा नियम होऊन बसतात.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच तारखेला भारताची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं आली. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला ती परिशिष्ट म्हणून जोडली गेली. देशात कुठेही नोंदणी असलेला डॉक्टर देशभरातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. पहिली भेट प्रत्यक्षच हवी, असं बंधन नाही. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत. मलेशियाच्या लेखी संमतीशी हे ताडून पाहावं. खरी मेख औषधांच्या याद्यांत आहे. काही औषधं कशाही माध्यमातून सांगता येतात, काही पहिल्या सल्ल्यात व्हिडिओ असेल तरच, काही फक्त जुन्या रुग्णाला, आणि अंमली व तत्सम औषधं अजिबात नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला परस्पर औषध सांगायचं नाही, हेही तेव्हाच लिहून ठेवलं होतं. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता आणली, तीत टेलिमेडिसिनही होतं. तीन आठवड्यांत ती स्थगित झाली आणि जुनी परत आली.

बांगलादेशच्या वैद्यक व दंतवैद्यक परिषदेची तत्त्वं जुलै २०२० मधली. पाकिस्तानात २०१० च्या घटनादुरुस्तीने आरोग्य प्रांतांकडे गेलं होतं, त्यामुळे तिथला कायदा आला तो सिंध प्रांताचा, २०२१ मध्ये.

आता कोलकात्यात उपचार घेऊन ढाक्याला परतलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. भाषा तीच, डॉक्टर ओळखीचा, कागदपत्रं त्याच्याकडेच. महिन्याभराने औषधाची मात्रा बदलायची आहे. भारताच्या तत्त्वांनी देशाबाहेरचा सल्ला आपल्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. त्याला परवानगी नाही, तशी नावानिशी मनाईही नाही. असे फोन होत असतात, बहुधा व्हॉट्सॲपवरच, आणि ते कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत.

औषधाच्या चिठ्ठीचं काय करायचं, हे युरोपीय संघाने डिसेंबर २०१२ मध्येच ठरवून टाकलं होतं. एका सदस्य देशातली चिठ्ठी दुसऱ्या देशातल्या औषध दुकानात चालावी म्हणून तिच्यावर काय काय हवं, याची यादीच दिली : रुग्णाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, डॉक्टरची व्यावसायिक पात्रता, संपर्क आणि सही, औषधाचं कंपनीचं नव्हे तर सामान्य नाव, मात्रा, किती दिवस. ढाक्यातल्या केमिस्टला मोबाइलवर आलेली कोलकात्याची चिठ्ठी दाखवली, तर ती मानायची की नाही हे त्याने तिथल्या तिथे ठरवायचं असतं.