शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारं इंटरनेट

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानने आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं ठरवलं आणि दोन तासांहून जास्त काळ जगातल्या बऱ्याच भागात ते दिसेनासं झालं. कुणी सर्व्हर फोडला नव्हता. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांसाठी एक खोटा मार्ग तयार केला होता. तो देशाबाहेर जायला नको होता, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीपर्यंत पोचला आणि तिने तो न तपासता पुढे पाठवला.

मार्गांचे असे निरोप बीजीपी, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलमधून जातात. प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला एक एएस (ऑटोनॉमस सिस्टम) क्रमांक असतो, ती त्याची ओळख. 'हे पत्ते माझ्याकडे आहेत' किंवा 'माझ्यामार्गे तिथे पोचाल' असं ते शेजाऱ्याला कळवतं, आणि शेजारी ऐकतो. १९८९ साली याचा पहिला आराखडा जेवताना कागदी नॅपकिनवर उतरला. सांगणारा खरं बोलतोय का, हे पडताळायची सोय त्यात नव्हती.

यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ हा १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर करत असे (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान). पाकिस्तानातून त्यातलाच २५६ पत्त्यांचा /२४ गट जाहीर झाला. राउटर, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणारं यंत्र, नेहमी अधिक नेमका गट निवडतो. फाट्यावर एक पाटी 'जुन्नर तालुका' आणि दुसरी 'नारायणगाव' अशी असेल, तर नारायणगावचा प्रवासी दुसऱ्याच पाटीमागे जाणार. सुमारे ८० मिनिटांनी यूट्यूबनेही तोच /२४ जाहीर केला, तरी ज्यांना पाकिस्तानचा मार्ग जवळचा होता ते तिकडेच जात राहिले. मग यूट्यूबने /२५ असे आणखी लहान गट काढले. पीसीसीडब्ल्यूने ते खोटे मार्ग काढून टाकले तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

आज बीजीपी फक्त मोठ्या राउटरवर नसतो. डेटा सेंटरमधले लेयर-३ स्विच, म्हणजे राउटरचंही काम करणारे स्विच, तो चालवतात. जोडणी सोपी आहे: आपला एएस क्रमांक, शेजाऱ्याचा पत्ता आणि त्याचा एएस क्रमांक दिला की टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर संवाद सुरू. खरं काम यानंतरचं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. शेजाऱ्याकडून कोणते पत्ते घ्यायचे आणि त्याला कोणते सांगायचे, याची यादी आधीच लिहायला हवी. नियमच लिहिले नसतील तर काहीही घेऊ-देऊ नये, असं २०१७ च्या आरएफसी ८२१२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नमूद आहे. जुनी उपकरणं मात्र सगळंच स्वीकारायची.

किती मार्ग घ्यायचे याचीही कमाल मर्यादा ठेवावी. आयपीव्ही४ पत्त्यांच्या मार्गांचा जागतिक तक्ता ९ लाखांच्या वर गेला आहे आणि अनेक स्विचांच्या हार्डवेअरमध्ये तो मावतच नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी तक्त्याने ५,१२,००० चा टप्पा ओलांडला, तेव्हा तेवढ्याच जागेचे जुने राउटर जगभर अडखळले होते.

टीटीएलची युक्ती मला सगळ्यांत आवडते. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. तो जास्तीत जास्त २५५ असू शकतो. थेट जोडलेल्या शेजाऱ्याने २५५ लावून पाठवलेलं पॅकेट २५५ घेऊनच येतं, लांबून आलेल्या तोतयाला तो आकडा दाखवता येत नाही. म्हणून २५५ नसलेलं पॅकेट टाकून द्यायचं, बस्स.

पत्त्यांची मालकी पडताळायला आरपीकेआय ही डिजिटल प्रमाणपत्रांची व्यवस्था आहे. कोणता गट कोणत्या एएसने जाहीर करायचा, याचं डिजिटल सहीचं प्रमाणपत्र मालक काढतो. त्याला रोआ म्हणतात. रोआमध्ये 'गट किती लहान चालेल' असा रकाना असतो. पुढेमागे लागेल म्हणून तिथे /२४ भरू नये. नाहीतर दुसऱ्या कुणी आपला एएस क्रमांक खोटेपणाने लावून /२४ जाहीर केला, तर तोही वैध ठरतो. आपण जेवढा गट जाहीर करतो, तेवढाच लिहावा.

रोआ फक्त उगम तपासतो, वाटेतले टप्पे नाही. आणि शेजारी तपासतच नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून दुसऱ्यांच्या मालकीचे ३०,००० हून जास्त गट जाहीर झाले होते, आणि पुढच्या काही नेटवर्कांनी ते खरे मानून घेतले.