जपानमध्ये गाडी चालवण्यासाठी: परमिट, कागदपत्रं आणि तिथले नियम

टोकियो-क्योटोला ट्रेन पुरते. होक्काइदो किंवा ओकिनावा नीट बघायचं तर गाडी हवी. तिथे नुसतं भारतीय लायसन्स चालत नाही. सोबत रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. भारत या करारात असल्याने आपल्या आरटीओचं परमिट तिथे ग्राह्य धरतात.

वय किमान १८ आणि पक्कं लायसन्स हवं. लर्निंगवर परमिट मिळत नाही. सरकारच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १,००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात. व्हिसा व मेडिकल सर्टिफिकेटची अट जानेवारी २०२१ मध्ये काढली आहे, तरी व्हिसा-तिकिटाची झेरॉक्स जवळ असलेली बरी. परमिट एक वर्ष चालतं. लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढंच. हातात आल्यावर कारच्या वर्गापुढे शिक्का आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. इंटरनेटवर खासगी साइट्स 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकतात, त्यांच्या नादी लागू नका. जपानमध्ये ते कागद कवडीमोल आहेत आणि त्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणंच.

गाडी ताब्यात घेताना परमिट, भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही मूळ प्रती दाखवाव्या लागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सहा वर्षांखालचं मूल असेल तर चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती बुकिंग करतानाच मागून घ्या.

रस्त्याची बाजू आपलीच, डावी. पण घात होतो तो सवयीने. आपल्याकडच्या 'फ्री लेफ्ट'च्या सवयीने लाल दिव्यावर डावीकडे वळू नका; हिरवा बाण नसेल तर थांबायचंच. थांबण्याची पाटी आपल्यासारखी अष्टकोनी नसते, लाल उलटा त्रिकोण असतो आणि त्यावर जपानीत 'तोमारे' लिहिलेलं असतं. तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसता वेग कमी करून भागत नाही. रेल्वे फाटक उघडं दिसलं तरी आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच रूळ ओलांडायचे. पाटी नसेल तिथे मध्यरेषा असलेल्या साध्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० किमी, एक्स्प्रेसवेवर १००.

दारूचा एक घोटही नको. नशेत चालवणाऱ्यासोबत त्याला दारू देणारा आणि जाणूनबुजून शेजारी बसणाराही शिक्षेला पात्र ठरतो.

गाडी थोडी घासली तरी ११० वर पोलिसांना कळवा, कारण त्यांच्या नोंदीशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. कुणी जखमी असेल तर ॲम्ब्युलन्ससाठी ११९.