‘लघु’ म्हणजे नेमके किती? खानदेशातील जलविद्युतीची पार्श्वभूमी

पांझरेवरच्या फड बंधाऱ्यांनी (गावांच्या सामाईक सिंचनाच्या जुन्या बंधाऱ्यांनी) पाणी अडवले ते पाटात चढवण्यापुरते. तापीवर पुढे हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा झाले, तेही मुख्यतः सिंचनासाठीच. तिथे पाणी आहे, हेड म्हणजे पाणी पडण्याची उंची नाही. हतनूरला शिवाय पूर्णेचा गाळ. वीज आली भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशावरच्या केंद्रातून. म्हणून खानदेशात जलविद्युतीचा विषय निघाला की तो सातपुडा ओलांडून नर्मदेवर जातो.

नर्मदा पाणीवाटप लवादाच्या 1979 च्या निवाड्याने सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राला 27 टक्के वाटा दिला. बुडीत आले अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या 33 गावांच्या वाट्याला. नदीपात्रातल्या वीजगृहाचे 200 मेगावॉटचे सहा संच पाणी परत वर चढवता येईल अशाच बनावटीचे घेतले होते. पण चढवायचे तर खाली पाणी थांबलेले हवे. ते थांबवणारा गरुडेश्वरचा बंधारा मागे रेंगाळला आणि तोवर दोन्ही बाजूंनी फिरणारे संच एकाच बाजूने फिरले.

त्याच काळात, 2003 मध्ये, अक्राणीतल्या बिलगावला उदई नदीवर गावकऱ्यांच्या श्रमदानातून 15 किलोवॉटचा संच उभा राहिला. एवढ्या विजेसाठी नऊ मीटर हेड आणि 60 टक्के कार्यक्षमता धरली, तर सेकंदाला साधारण 280 लिटर पाणी लागते. 2006 मध्ये सरदार सरोवराची उंची 110.64 वरून 121.92 मीटर करायला परवानगी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचा संच पाण्याखाली गेला.

खरा घोळ ‘लघु’ या शब्दाचा. 1999 मध्ये 25 मेगावॉटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प अपारंपरिक ऊर्जेच्या खात्याकडे गेले आणि तीच ‘लघु’ची व्याख्या होऊन बसली. 100 किलोवॉटपर्यंत सूक्ष्म, 2 मेगावॉटपर्यंत मिनी, त्यापुढे 25 पर्यंत लघु. हे माप यंत्राचे आहे, नदीचे नाही. धरणाच्या पायथ्याशी, सिंचनासाठी सोडायच्याच पाण्यावर बसवलेला 10 मेगावॉटचा संच नदीचे नव्याने काही घेत नाही. दोन मेगावॉटचा संच मात्र नाल्याचे सगळे पाणी पाइपात घालून चार किलोमीटर पात्र कोरडे पाडू शकतो. व्याख्येत दोन्ही ‘कमी परिणामाचे’. राज्याने 2005 मध्ये खासगी लघु प्रकल्पांना वाट दिली तीही मेगावॉट मोजूनच. 2019 मध्ये केंद्राने मोठी जलविद्युतही नवीकरणीय ठरवली, तेव्हा 25 च्या रेषेचा उरलासुरला अर्थही पातळ झाला. सातपुड्यात तपासायचे ते होळीनंतर नाल्यात किती पाणी उरते. पावसाळी प्रवाहावर टर्बाइन निवडले की उन्हाळ्यात ते बंद. दुसरी नेहमीची अडचण 11 केव्ही फीडरची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या लाइनची. फीडर ट्रिप झाला की लोड एका क्षणात जातो आणि टर्बाइन बेफाम धावते. पाण्याची धार वळवणारा डिफ्लेक्टर किंवा जादा वीज जिरवणारा बॅलास्ट लोड तयार नसेल, तर आधी बेअरिंग जातात. पाण्याच्या तोंडावरच्या जाळीवर (ट्रॅश रॅकवर) साचणारा पालापाचोळा वेगळाच.

आता जोर आहे उदंचनावर, म्हणजे जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडण्यावर. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आणि राज्याचे धोरण, दोन्ही 2023 ची. कारण साक्री तालुक्यातच दिसते: ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या वाऱ्यावर, शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प उन्हावर, आणि मागणी दिवेलागणीला. राज्यात घाटघरला उदंचनाचे 125 मेगावॉटचे दोन संच 2008 पासून आहेत. खानदेशासाठी हिशेब असा: 300 मीटर हेडवर 100 मेगावॉट सहा तास हवे, तर एका फेरीला सव्वाआठ लाख घनमीटर पाणी. 20 मीटर हेडवर हेच सव्वा कोटीच्या घरात जाते. त्यामुळे तापीकाठ बाद, डोंगराची कड घ्यावी लागते. चढवायला जाणाऱ्या 100 युनिटमागे परत मिळतात 75 ते 80.

नदीपासून दूर, तेच पाणी फिरवणारे दोन तलाव म्हणजे निरुपद्रवी, असे सांगितले जाते. पहिल्या भरण्यापुरतेही ते खरे नाही. पाण्याची पातळी 15 मीटर खाली-वर होऊ दिली, तर दोन्ही तलाव मिळून 11 हेक्टर पृष्ठभाग होतो. इथल्या उन्हात वर्षाला दोन मीटर बाष्पीभवन धरा: सव्वादोन लाख घनमीटर, म्हणजे फेरीच्या पाण्याचा चौथा हिस्सा, दरवर्षी कुठून तरी आणायचा. धुळे-नंदुरबारच्या बेसाल्टमध्ये डाइक, म्हणजे खडकात घुसलेल्या उभ्या भिंतीसारख्या शिळाही दाट आहेत. त्यांच्या कडेच्या भेगांतून वरचा तलाव झिरपतो. ग्राउटिंगचा (भेगांत सिमेंट भरण्याचा) खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो, आणि बाष्पीभवनाचे पाणी कोणत्या धरणाच्या कोणत्या आरक्षणातून, हेही परवानगीच्या अर्जातच लिहून घ्यावे लागते.