आताके दे नेर्व्हिओस की पॅनिक अटॅक?

समजा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका रुग्णालयात पन्नाशीच्या डॉमिनिकन बाईंना घरच्यांनी इमर्जन्सीत आणलंय. तासाभरापूर्वी मायदेशातल्या सांतो दोमिंगो शहरातून फोन आला : धाकटा भाऊ अपघातात गेला. बाईंनी किंकाळी फोडली, कपाळ बडवून घेतलं. छातीतून गरम लोट उठून डोक्यात चढला, हातपाय थरथरले आणि त्या जमिनीवर कोसळल्या. दहा मिनिटं कुणाच्या हाकेला ओ नाही. आता पलंगावर शांत बसल्यात, दमलेल्या. मधलं काही आठवत नाही, आणि घरी सोडा म्हणतायत. ईसीजी चांगला आहे. मुलगा मोडक्या इंग्रजीत सांगतो, आईला अटॅक आला. कागदावर उमटतं : पॅनिक अटॅक.

बाईंच्या तोंडचे शब्द मात्र होते 'आताके दे नेर्व्हिओस', म्हणजे नसांचा झटका. पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, क्यूबा या कॅरिबियन पट्ट्यात आणि तिथून अमेरिकेत आलेल्या लॅटिनो घरांत हे नाव लहान पोरांनाही माहीत असतं. पॅनिक अटॅकशी त्याचं इतकं साम्य आहे की गफलत होणं साहजिक आहे. पण दोन्हींवरचे उपचार वेगळ्या वाटेने जातात, म्हणून गफलत महागात पडते.

पहिला घोळ शब्दातच आहे. स्पॅनिशमध्ये नुसतं 'आताके' म्हटलं तर ते हृदयाचं असू शकतं, फिटचं असू शकतं किंवा नसांचं. आपल्याकडे 'झटका आला' म्हटल्यावर हार्ट अटॅक की फिट, हे पुढच्या वाक्यावरूनच कळतं, तसंच. त्यात तिथले लोक म्हणतात 'मे दियो उन आताके'. वाक्याची घडण आपल्या 'मला घेरी आली'सारखी : झटका येणारा, माणूस तो झेलणारा. इंग्रजीत आणताना 'मी'ला कर्ता करावं लागतं, आणि आपल्यावर काहीतरी येऊन आदळलं हा बाईंचा अनुभव तिथेच गळून पडतो.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, म्हणजे डीएसएम, पॅनिक अटॅकसाठी १३ लक्षणं देतं : धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, गळा आवळल्यासारखं होणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, थंडी किंवा गरम वाफा, मुंग्या येणं, आजूबाजूचं खोटं वाटणं, ताबा सुटेल ही भीती आणि मरण येईल ही भीती. यातली किमान ४ हवीत, आणि भीतीची लाट एकदम उसळून काही मिनिटांत टोकाला पोचायला हवी. याच पानावर एक टीप आहे, जी घाईत कुणी वाचत नाही : अनावर किंचाळणं किंवा रडणं काही समाजांत दिसेल, पण ते या चारांत धरायचं नाही. म्हणजे आताकेमध्ये जे सगळ्यात ठळक दिसतं, तेच पॅनिकच्या हिशोबात शून्य. उरतात धडधड, थरथर, उष्णता, ताबा सुटणं. ही दोन्हींकडे असल्यामुळे चारची बेरीज सहज जमते.

म्हणून लक्षणं मोजून हा गुंता सुटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्टो लुइस-फर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन अशा ६६ रुग्णांचे झटके तपासले. त्यातले ३६ टक्के आताके पॅनिक अटॅकच्या निकषांत बसले, उरलेले बसले नाहीत. वेगळेपण दिसलं ते दोन ठिकाणी : आताकेच्या आधी मन हादरवणारं काहीतरी घडलेलं असतं, आणि तो पॅनिकसारखा झपाट्याने टोकाला जात नाही. आमच्या मते तपासणीची सुरुवात इथूनच व्हावी. झटक्यात काय काय झालं हे नंतर. आधी काय झालं आणि नंतर काय उरलं, हे पहिले प्रश्न.

'आधी'ची गोष्ट घ्या. आताकेला जवळपास नेहमी कारण असतं आणि ते बहुधा घरातलं असतं : मृत्यूची बातमी, नवऱ्याने घर सोडणं, मुलाला पोलिसांनी नेणं, डोळ्यांदेखत झालेली मारामारी. पॅनिक डिसऑर्डरमधले झटके अवचित येतात. भाजी घेताना, सबवेत, झोपेतून जाग येताना. विचारलं तर माणूस म्हणतो, काहीच नव्हतं, उगाच आला.

मग 'कोणासमोर'. आताके बहुतेक वेळा माणसांच्या गराड्यात येतो. बायका धावतात, कपाळाला आणि मानेला आल्कोहोलादो चोळतात (हे सुगंधी स्पिरिट तिथे घरोघर असतं), कुणी तिलोचा (लिंडेनच्या फुलांचा) काढा उकळायला ठेवतो. दातखीळ बसलेल्या बाईच्या नाकाशी कांदा फोडून धरणाऱ्या शेजारणी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. अंत्यविधीच्या वेळी आलेला आताके तर नातलगांना योग्यच वाटतो. मेलेल्यावर माया होती, असा त्याचा अर्थ. आपण त्याला आजार म्हणू नये. पॅनिकवाला माणूस उलट कोपरा शोधतो, बाथरूममध्ये जातो, कुणाला कळू नये म्हणून धडपडतो.

आणि 'नंतर'. आताके ओसरला की अनेकांना मोकळं वाटतं. मधलं आठवत नाही आणि माणूस बऱ्यापैकी लवकर कामाला लागतो. पॅनिकनंतर मोकळं वाटत नाही, टांगती तलवार राहते. पुढचा कधी येईल याची धास्ती किंवा त्यापायी वागण्यात पडलेला फरक (लिफ्ट टाळणं, एकट्याने बाहेर न जाणं) महिनाभर टिकला आणि झटके पुन्हा पुन्हा विनाकारण आले, तर ती पॅनिक डिसऑर्डर.

'नेर्व्हिओस' नावाची तिसरी चीज इथे मध्ये येते, तिचं थोडक्यात सांगतो. ती झटका नव्हे, कायमची प्रकृती आहे : हळवेपणा, डोकेदुखी, झोप न लागणं, हात थरथरणं. 'नसांचा त्रास आहे' असं कुणी म्हणालं तर ते वर्षांचं बोलतात. दुभाष्याने त्याचं 'घाबरट' करून टाकलं की सगळंच हुकतं.

अमेरिकन वैद्यकाने या झटक्याशी आधी काही बरं वर्तन केलं नाही. १९५० च्या दशकात लष्करी डॉक्टरांनी पोर्तो रिकन सैनिकांत तो पाहिला आणि त्याला चक्क 'पोर्तो रिकन सिंड्रोम' म्हटलं, जणू तो त्या बेटाचाच दोष. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये पोर्तो रिकोत पूर आला, पोन्से शहरातल्या मामेयेस वस्तीवर डोंगर कोसळला आणि शंभराहून जास्त माणसं गाडली गेली. त्यानंतरच्या पाहणीत मानववंशशास्त्रज्ञ पीटर ग्वार्नाचिया आणि सहकाऱ्यांनी लोकांना सरळ विचारलं, तुम्हाला कधी आताके आला का? साधारण ६-७ जणांत एकाने हो म्हटलं. हो म्हणणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक विकार निघाला, नाही म्हणणाऱ्यांत २८ टक्क्यांना. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. आताके हा धोक्याचा इशारा आहे, पण तिघांतल्या एकाला आताके येऊनही दुसरा कुठलाच विकार नव्हता. १९९४ च्या डीएसएममध्ये तो परिशिष्टात आला. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या त्रासांच्या नऊ नोंदींत तो आहे. त्याच यादीत आपल्याकडचा 'धात'ही आहे, 'धातू जातेय' म्हणून वैद्याकडे जाणाऱ्यांचा.

आता प्रत्यक्ष झटका चालू असताना. नाव ठरवण्याआधी शरीर बघायचं, कारण हृदयविकार आणि फिट दोन्ही याच वेषात येतात. ईसीजी, रक्तातली साखर, थायरॉइड. थरथर असेल तर डोळे पाहावेत : मेंदूच्या फिटमध्ये ते बहुधा उघडे असतात, आताकेसारख्या झटक्यात बहुधा घट्ट मिटलेले. जिभेच्या कडेला चावा, आणि नंतर बराच वेळ गुंगी व गोंधळ, हे फिटकडे बोट दाखवतं. घड्याळ लावावं. थरथर ५ मिनिटांपुढे गेली, बाई गरोदर असली, मधुमेह असला, डोकं आपटलं असलं किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असला तर घरी थांबू नये.

धोका नाही असं दिसलं की गर्दी हटवावी आणि विश्वासाचं एकच माणूस जवळ ठेवावं. हातपाय दाबून धरू नयेत, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवाव्यात. ओ देत नसेल तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. हळू आवाजात आणि स्पॅनिशमध्ये बोलावं. अमेरिकेत नेमकं उलटं घडतं ते असं : आरडाओरडा ऐकून शेजारी ९११ ला (तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला) फोन करतात, पोलीस येतात, इंग्रजीत हुकूम सोडतात, बाई हात झटकते, ते हल्ला समजून तिला बांधतात आणि इंजेक्शन देतात. ज्या घरात कुणाचे अमेरिकेत राहण्याचे कागदपत्र नाहीत, तिथे यानंतर कुणी मदत मागत नाही.

उपचार इथे फुटतात. पॅनिक डिसऑर्डरला ठरलेली वाट आहे. सर्ट्रालिनसारखी गोळी २५ मिलिग्रॅमपासून, आठवड्याने ५० वर. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत धडधड थोडी वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशीच गोळी बंद करतो. सोबत सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, दर आठवड्याची सत्रं. त्यात शरीराच्या खुणांची भीती मोडायची असते : फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर, बारीक स्ट्रॉमधून श्वास, भरभर जिना चढणं. छाती धडधडली तरी मरत नाही, हे शरीरालाच शिकवायचं.

भावाच्या बातमीने कोसळलेल्या बाईंना या खुर्चीत गरगर फिरवून काय साधणार? त्यांना धडधडीची भीतीच नाही. झोपेची गोळी महिनाभर लिहून दिली तर दुःख तसंच राहतं आणि वर गोळीची सवय लागते. त्यांच्यासाठी काम वेगळं : आठवड्याभरात पुन्हा भेट, घरात कोण आहे, अंत्यविधीला जाता येणार का, पैसे आणि व्हिसा यांचं काय, यावर बोलणं. आधी किती आताके येऊन गेले ते विचारणं. आणि आत्महत्येचा विचार आला का, हे स्पष्ट शब्दांत विचारणंच. आताकेच्या भरात हाताला लागतील त्या गोळ्या गिळण्याचे प्रकार होतात, आणि 'आता शांत आहेत' एवढ्यावर घरी सोडणं ही सगळ्यात वाईट चूक.

हे प्रश्न कोण विचारतं, यावर उत्तरं ठरतात. झटक्याचं कारण नवऱ्याची मारहाण असेल, तर नवरा खोलीत असताना किंवा दहा वर्षांची मुलगी दुभाषी असताना ते कळणार नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं १५५७ वं कलम यांमुळे भाषेची सोय करण्याचं बंधन आहे. तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांना दुभाषी करता येत नाही. दुभाष्याला एक सूचना आधीच द्यावी : 'आताके', 'नेर्व्हिओस', 'सुस्तो' (भीतीच्या धक्क्याने येणारं दुखणं) हे शब्द भाषांतर न करता जसेच्या तसे सांग. डीएसएम-५ मध्ये रुग्णाच्या समजुतीने त्रास समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिलेली आहे. वेळ नसेल तर त्यातले दोन तरी विचारावेत : तुम्ही याला काय म्हणता, आणि हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? घरच्यांसाठी ९८८ हा अमेरिकेतला आत्महत्या आणि मानसिक संकटातल्या मदतीचा क्रमांक आहे. फोनवर २ दाबलं की स्पॅनिश, आणि २०२३ पासून 'आयुदा' असा स्पॅनिश शब्द रोमन लिपीत पाठवला की मेसेजवरही स्पॅनिशमध्ये बोलता येतं.

नोंद करताना दोन्ही लिहावं : रुग्णाचा शब्द आणि डॉक्टरांचं निदान. आताकेला डीएसएम-५ मध्ये 'इतर निर्दिष्ट चिंताविकार' या सदरात जागा आहे, त्यामुळे विम्यासाठी ओढूनताणून पॅनिक लिहिण्याची गरज पडत नाही. शब्द जपून ठेवण्याचा उपयोग पुढे होतो. वीस वर्षं फक्त भांडणात आणि मयतीत आताके येणारी बाई एक दिवस सांगते की परवा भांडी घासताना आला, घरी कुणी नव्हतं, काही झालंही नव्हतं, आणि तेव्हापासून एकटी राहायला भीती वाटते. नाव ती अजूनही आताकेच सांगेल. जुनी नोंद समोर असेल तर डॉक्टरांना कळेल की आता सर्ट्रालिन आणि फिरती खुर्ची काढायची वेळ आली आहे.